कानापर्यंत पोचलेला हात

भांडण सकाळचं होतं, चवळी वाटता वाटता चाललेलं. आईने हातातला वरवंटा थांबवला नाही आणि बापाने सायकलची चेन पुसायचं थांबवलं नाही, त्यामुळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायची पाळी दोघांवरही आली नाही. असाबी बाहेर खिडकीखाली बसली होती. पाठीवर धाकटा भाऊ जिदे फडक्याने घट्ट बांधलेला, आणि तो तिच्या वेणीचं टोक चघळत होता.

"अहो, या वर्षी तरी पोरीचं नाव घाला शाळेत," आई म्हणत होती. "घोडी झाली. अजून वाट बघितली तर मास्तर तिला पहिलीत बसवतील की पहिलीच्या पोरांना जेवण वाढायला ठेवतील?"

"आणि पोराला कोण बघेल? तू पहाटेपासून कढईपाशी, मी दुकानात."

"मी बांधीन पाठीला."

"उकळत्या तेलाशेजारी? माझ्या बापाला?"

हा बाप म्हणजे जिदेच. असाबीचे आजोबा वारले आणि त्यानंतर काही महिन्यांनी हा मुलगा झाला, म्हणून त्याचं नाव बाबाजिदे, म्हणजे बाबा पुन्हा जागा झाला. आजोबांना घरासमोर अंगणातच पुरलं होतं. वर सिमेंटचा ओटा, ओट्यावर नाव आणि गेल्याचं साल. बाप रोज सकाळी त्या ओट्याला हात लावायचा, मग आत येऊन मुलाला विचारायचा, "काय बाबा, झोप लागली का?" त्या पोराला त्याने कधी चापट मारली नाही. स्वतःच्या बापाला कोण मारतो?

"मग ती काय जन्मभर पोर वागवणार?" आई म्हणाली.

"जन्मभर कशाला? जिदे शाळेत जाईल त्या दिवशी तीही जाईल. आता हा विषय नको."

आईने वरवंटा जरा जास्तच जोरात फिरवला आणि भांडण संपलं. घरातली बरीच भांडणं अशीच संपतात, कुणाचं तरी काम मोठ्याने आवाज करायला लागतं. पण खिडकीखालच्या मुलीने त्यातलं एक वाक्य उचललं आणि गाठ मारून ठेवलं. जिदे शाळेत जाईल त्या दिवशी तीही जाईल.

नायजेरियातल्या आमच्या इसेयिनला त्या काळी जन्माचा दाखला कुणाकडे असायचा? पोर कधी झालं असं विचारलं तर बाया सांगायच्या, टोळ आले होते त्या वर्षी, नाहीतर नव्या मशिदीचा मिनार चढला तेव्हा. हेडमास्तर अशा उत्तरांनी वैतागायचे, म्हणून त्यांनी आपलं माप ठेवलं होतं. पोराला समोर उभं करायचं. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगायचा. बोटं डाव्या कानाला टेकली तर पोर सहा वर्षांचं झालं, शाळेला तयार. नाही टेकली तर घरी जा, आईच्या हातचा सुरण खा आणि पुढच्या वर्षी ये. सगळ्या गावाची वयं त्या काळी कानाने ठरली.

जिदे होता चार वर्षांचा. हात वर केला की बोटं टाळूपर्यंत जायची आणि तिथेच अडून बसायची. असाबीने त्याचा खेळ केला. दुपारी चवळीची सालं काढून झाली की दोघं अंगणात, ओट्यापाशी. "आभाळातून कान पकड," ती म्हणायची, आणि तो जिवाच्या आकांताने ताणायचा. एक दिवस तिला युक्ती सापडली. मान जराशी कलती करायची, खांदा उचलायचा, आणि मागून अंगठ्याने डोकं हलकेच ढकलायचं. कानाची पाळी बरोबर बोटाखाली येते. जिदेला वाटलं आपण जिंकलो. तो हसून हसून मातीत लोळला.

नाव घालायच्या दिवशी हेडमास्तरांच्या टेबलापुढे रांग कुंपणाबाहेर गेली होती. असाबी भावाच्या मागे उभी राहिली, त्याचा सदरा नीट करते असं दाखवत. हात वर गेला. अंगठ्याने आपलं काम केलं.

"सहा," हेडमास्तर म्हणाले आणि वहीत लिहिलं. "जन्मतारीख?"

ज्याला तारीख माहीत नाही त्याला हेडमास्तर नाताळ द्यायचे. आमच्या गावातली निम्मी शाळा येशूबरोबरच जन्मलेली आहे. जिदेलाही नाताळ मिळाला, आणि साल दोन वर्षं मागचं.

"आणि तू कुणाची आई?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

"मी पण नाव घालायला आलेय, मास्तर."

"तुझा हात दोन्ही कानांना वळसा घालून परत येईल. बस तिकडे भावाशेजारी."

बापाला कळलं तेव्हा तो खूश झाला. "माझा बाप पहिल्यापासून हुशारच," असं सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला. शब्द दिलेला होता, तोही त्याने पाळला. आईने मात्र असाबीकडे एकदा नीट बघितलं. दोघांचे निळे गणवेश शिवायला टाकले.

तीन इयत्ता. असाबीच्या वाट्याला एवढी शाळा आली. दोघं एकाच बाकावर. जिदे पहिल्या वर्षी दुपारनंतर तिच्या मांडीवर झोपायचा, आणि बाईंनी हाक मारली की ती त्याच्या वतीने "हजर" म्हणायची. अक्षरं तिला आवडली. फळ्यावर ओळ लिहिली की ती मनात नाही, ओठांवर वाचायची. मग आईचा हात तेलाने भाजला, चांगला कोपरापर्यंत, आणि वडे तळायला दुसरं कोणी नव्हतं. आधी महिनाभरासाठी म्हणून असाबी घरी राहिली. कढईपुढचा महिना फार लांबतो. जिदे मात्र वर चढत गेला, बाकावर एकटा.

पुढे कढई तिचीच झाली. पहाटे ती चौकात चूल मांडायची, चवळीचं पीठ फेसायची आणि अकारा तळायची, लाल, कुरकुरीत, आत कापसासारखा. शेजारी ओगीची, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाची, पातळ पेज. लग्न झालं वेल्डरशी. माणूस बरा होता, लवकर गेला. एक मुलगी, ती लग्न होऊन साकीला. आईबापही ओट्याशेजारी जाऊन निजले. असाबी परत बापाच्या घरात आली आणि तिथेच राहिली.

जिदे लागोसला जमिनीची मोजणी करणारा सर्व्हेयर झाला. मोठ्या कंपनीत. बायको रेमी, दोन मुली. आणि दर शुक्रवारी असाबीची पिशवी. निळी चौकड्यांची मोठी पिशवी, आत याम या कंदाचं पीठ, कुटलेली मिरची, पानात बांधलेली ओगी, कधी सुकी मासळी. ती मोटारस्टँडवर जायची, बसगाड्यांच्या कपाळावर रंगवलेली नावं एकेक करून ओठांवर वाचायची आणि लागोसची गाडी शोधायची. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण ती विचारायची नाही. पिशवी ड्रायव्हरच्या सीटखाली जायची आणि सोमवारी रिकामी परत यायची. रिकामी म्हणजे, तळाशी लागोसचा एक लांब, मऊ पाव असायचा. प्रवासाहून येणाऱ्याने पाव आणायचा, ही आपली रीत. जिदे येऊ शकला नाही तरी पाव यायचा.

"माय, या पिशवीत दगड भरलेत का?" मुतीउ ड्रायव्हर दर वेळी विचारायचा. "तुमचा भाऊ लागोसला बंगला बांधतोय की काय?"

"तू चालव नीट. बंगला झाला की तुला रखवालदार ठेवू."

कॅनडाचं खूळ पहिल्यांदा फोनवर आलं. जिदेच्या मजल्यावरची बिऱ्हाडं एकेक करून रिकामी होत होती. देश सोडून जाणारे लोक सामान विकून जायचे, आणि ज्या टेबलावर तो कॅनडाचे अर्ज भरत बसायचा ते टेबलही अशाच एका मित्राकडून घेतलेलं. मुलींची काळजी होती. विद्यापीठांचे संप, रस्त्यावर माणसं पळवणं, आठवडा आठवडा वीज नाही. असाबीला हे सगळं माहीत होतं. तिला फक्त ते गुणांचं प्रकरण समजत नव्हतं.

"गुण म्हणजे कसले रे? परीक्षा आहे का?"

"परीक्षाच, ताई. पण सगळ्या माणसाची. शिकलात किती त्याचे गुण, इंग्रजीचे गुण, कामाचे गुण, आणि वयाचे. तरुण असाल तर भरपूर देतात, मग दर वाढदिवसाला काढून घेतात. अधूनमधून ते एक आकडा जाहीर करतात. आकड्याच्या वर असलात तर बोलावणं. खाली असलात तर बसून राहा."

"म्हणजे आपले हेडमास्तरच की," असाबी म्हणाली. "फक्त कान लांब नेऊन ठेवलाय."

जिदे खूप हसला. त्या हसण्याने तिला बरं वाटलं.

"आणि इंग्रजीची कसली परीक्षा? तू तर झोपेतसुद्धा इंग्रजी बोलतोस, रेमी सांगत होती."

"तरी द्यावी लागते. दिली. चांगले मिळाले."

"वयाचे कापतात हे काही बरं नाही. इथे वय वाढलं की माणसं पुढ्यात लवतात."

"तिथे उलटं आहे, ताई. तिथे मी दर नाताळला स्वस्त होतो."

पहिल्यांदा आकडा जाहीर झाला तेव्हा जिदे बराच खाली होता. खरं सांगायचं तर असाबीने त्या दिवशी कढईपुढे उभं राहून देवाचे आभार मानले होते. मनातल्या मनात, पण मानले. आपला भाऊ समुद्रापलीकडे जाऊन बर्फात उभा राहणार नाही, शुक्रवारची पिशवी चालू राहील, एवढाच विचार. मग आकडे खाली यायला लागले. जिदे आणि आकडा यांच्यातलं अंतर इतकं कमी झालं की तो दर फोनमध्ये तेच सांगायचा. आणि एक दिवस तो म्हणाला:

"ताई, एक गंमत विचारू? आजोबांच्या ओट्यावर जे साल आहे ते आणि माझ्या कागदावरचं साल जुळत नाही. कागदाप्रमाणे मी आजोबा जिवंत असतानाच जन्मलो. मग माझं नाव बाबाजिदे कसं ठेवलं?"

असाबीच्या हातातला झारा तेलात राहिला. पुढचे चार वडे करपले. गिऱ्हाईक कुरकुरलं.

"ताई? ऐकताय ना?"

"तू दोन वर्षांनी लहान आहेस," ती म्हणाली. "कागदापेक्षा."

मग त्याचा आवाज आला, एकदम पोरासारखा. "म्हणजे मी वर आहे. ताई, दोन वर्षं परत मिळाली तर मी आकड्याच्या वर आहे."

तो पुढच्याच शनिवारी आला. अंगणात शिरल्या शिरल्या पँट मळेल याची पर्वा न करता बहिणीपुढे पालथा झाला, नमस्कार केला, आणि उठून सरळ ओट्यावरची माती रुमालाने पुसायला लागला. साल स्वच्छ दिसलं तसा त्याने फोनने फोटो काढला. दारातून सुले काका बघत होते. हे बापाचे धाकटे भाऊ. सरकारी नोकरीत असताना कोर्टात शपथ घेऊन त्यांनी आपलं वय इतकं कमी करून घेतलं होतं की निवृत्तीच्या समारंभाला त्यांचे नातू आजोबांचं खरं वय किती यावर पैज लावून आले होते.

"कोर्टात जायचंय?" काका म्हणाले. "मग सकाळी लवकर जा. तरुण व्हायला आलेल्या म्हाताऱ्यांची तिथे रांग असते."

"माझं खरं आहे, काका," जिदे म्हणाला.

"सगळ्यांचं खरंच असतं, बाबा."

सोमवारी दोघं भाऊबहीण कोर्टाच्या कारकुनापुढे उभे राहिले. कारकुनाचं नाव आलाओ. पोट टेबलाला टेकलेलं, समोर शिक्का, बाजूला असाबीच्याच चौकातला अकारा कागदात गुंडाळून ठेवलेला.

"अरे, अकारावाली माय," तो म्हणाला. "बसा. किती वर्षं कमी करायची?"

"कमी नाही करायची. खरी लिहायची," जिदे म्हणाला.

"तेच म्हणतो मी. किती खरी?" आलाओने लेखणी उघडली. "जन्माच्या वेळी हजर असलेलं वडीलधारं कोण? तुम्ही? बरं. सांगा, माय. तुम्हाला कसं माहीत?"

असाबीने सांगितलं. आजोबा कधी गेले, त्यानंतर किती दिवसांनी हा झाला, नाव का ठेवलं. ओट्यावरचं साल. आलाओ लिहीत गेला. मग थांबला.

"हे झालं. पण शाळेत दोन वर्षं जास्त कशी लागली? तेवढं एक वाक्य घालावं लागेल, नाहीतर साहेब विचारतात. हेडमास्तरांची चूक असं लिहू? वारले ना ते?"

तेव्हा असाबीला सोपं होतं. हेडमास्तर खरंच वारले होते आणि मेलेला माणूस हरकत घेत नाही. पण ती शपथेला उभी होती, समोर पवित्र पुस्तक ठेवलेलं, आणि बाजूला जिदे.

"त्यांची चूक नाही," ती म्हणाली. "हात कानाला पोचत नव्हता. मी मागे उभी होते. मी मान कलती केली आणि अंगठ्याने डोकं ढकललं."

आलाओ आधी बघत राहिला आणि मग इतका हसला की टेबल हललं. "देवा रे. माय, तुम्ही तर कॅनडाच्या आधीच याला गुण वाढवून दिलेत."

जिदे हसला नाही. तो बहिणीकडे बघत होता. त्याचा उजवा हात, त्याच्याही नकळत, मानेच्या मागे गेला होता.

शिक्का उमटला. वाक्यं तीच, जी त्या खोलीतून रोज बाहेर पडतात. अमुक इसम शपथेवर सांगतो की. सुले काकांच्या कागदावरही शब्द न् शब्द हेच होते.

दोघं घरी आले. असाबीने भात आणि मिरचीचा रस्सा पुढे ठेवला. जिदेने हात धुतले आणि तसाच बसून राहिला.

"मला ते आठवतं," तो म्हणाला. "मला वाटायचं माझे हात लांब आहेत. लागोसला मित्रांना सांगायचो, रांगेत मी सगळ्यांत बुटका होतो, तरी माझा हात कानाला पोचला. मुलींनासुद्धा सांगितलंय." थोड्या वेळाने म्हणाला, "का केलंत, ताई?"

"बाबा म्हणाले होते, तू जाशील त्या दिवशी मी जाईन. खिडकीतून ऐकलं होतं मी."

"आणि किती गेलात तुम्ही?"

"तीन इयत्ता."

"काय शिकलात तीन इयत्तांत?"

त्याने टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, आणि म्हणून ते जास्त लागलं.

"बसवरची नावं वाचायला," असाबी म्हणाली.

जिदेने मान हलवली. मग घड्याळ बघितलं, रस्त्याचं कारण सांगितलं, दिवस बुडायच्या आत लागोस गाठायला हवं म्हणाला. पालथा होऊन नमस्कार केला. भाताला हात लावला नाही. ताटावरचं झाकण असाबीने दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं.

इबादानला ओयेवुमी म्हणून वकील होता. कॅनडाचे कागद बघून द्यायचं त्याचं काम. जिदेने त्याला शपथेचा कागद दाखवला तेव्हा त्याने तो चिमटीत धरला.

"हे पाठवू नका," तो म्हणाला. "पासपोर्टवर एक तारीख, पदवीवर तीच, लग्नाच्या दाखल्यावर तीच. आणि आता अचानक एक बहीण उठते आणि म्हणते, नाही हो, हा लहान आहे. ते खोटारडा म्हणतील आणि कित्येक वर्षं दार लावून घेतील."

"पण हे खरं आहे. कबरीवर साल आहे."

"मिस्टर, माझ्याकडे रोज माणसं येतात आणि खोटं बोलून तरुण होऊ बघतात. खरं बोलून तरुण होऊ बघणारे तुम्ही पहिलेच. त्यांच्या आणि तुमच्या कागदात मला फरक सांगा. मला दिसत नाही, मग तिकडे बर्फात बसलेल्याला कसा दिसेल?"

हे जिदेने फोनवर सांगितलं, आवाज न चढवता. असाबीने ऐकून घेतलं. तिच्या मनात आलं की सुले काकांनी, आणि काकांसारख्या सगळ्यांनी, ते एकच दार इतक्या वेळा ढकललं की ते कायमचं वाकडं झालं, आणि आता खऱ्या माणसाला त्यातून सरळ जाता येत नाही. मग असंही आलं की काकांना काय बोलायचं. ते दार पहिल्यांदा ढकललं ते एका अंगठ्याने.

जिदेने हात टेकले नाहीत. तो फ्रेंच शिकायला लागला. फ्रेंचचे वेगळे गुण असतात म्हणे. चाळिशीला आलेला माणूस, दिवसभर उन्हात जमिनी मोजायचा आणि गाडीत अडकला की मोबाइल कानाला लावून फ्रेंच बडबडायचा. रेमी फोनवर सांगायची, "ताई, तुमचा भाऊ आता तीन भाषांत कुरकुरतो." जितके गुण तो वर्षभरात घासून मिळवायचा, त्यातले बरेचसे नाताळला जायचे. मुली केक कापायच्या, पपांना वाढदिवसाचं गाणं म्हणायच्या, आणि तो मेणबत्त्या विझवून आत जाऊन बसायचा. त्याचा जन्म पावसाळ्यातला. तो कधी कुणी साजरा केलाच नाही.

असाबी आता खरोखर प्रार्थना करायची, उलटी. तो जावो. पहिले मानलेले आभार तिला परत घ्यायचे होते, पण देवाघरी दिलेलं परत घेण्याची खिडकी कुठे असते ते तिला माहीत नव्हतं.

मग एका दुपारी आकडा एवढा खाली आला की तसा पूर्वी कधी आला नव्हता. जिदेने फोन केला. मागे लागोसच्या गाड्यांचे भोंगे.

"ताई, आज झालं असतं," तो म्हणाला.

"किती कमी पडले?"

"त्या दोन वर्षांएवढेसुद्धा नाहीत. एक वर्ष जरी असतं तरी."

असाबीला बोलायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि तोंडात फक्त "बाबा" आलं, बाप म्हणायचा तसं. जिदे म्हणाला, "मुलींना आणायला जायचंय. ठेवतो, ताई."

त्यानंतर आकडे वर गेले ते पुन्हा कधी खाली आले नाहीत, किंवा आले तेव्हा जिदे त्यांच्याही खाली गेला होता. त्याने फ्रेंच सोडलं. अर्ज सोडला. कधी सोडला ते त्याने सांगितलं नाही. एके दिवशी रेमी म्हणाली की ते टेबल आता मुलींच्या अभ्यासाला दिलंय, तेव्हा असाबीला कळलं.

शुक्रवारची पिशवी जात राहिली. सोमवारी परत यायची, नीट घडी घालून, स्वच्छ. पाव नसायचा. मुतीउ पहिल्या वेळी म्हणाला, "माय, पाव खाल्ला नाही हो मी, शपथ," आणि ती म्हणाली, "तुझ्या पोटाकडे बघून कोण विश्वास ठेवेल?" दुसऱ्या सोमवारी त्याने विचारलं नाही. तिसऱ्या सोमवारी त्याने स्वतःच लागोसहून एक पाव आणून तळाशी ठेवला. असाबीने उघडून बघितलं. दुसऱ्या बेकरीचा होता. तिने त्याला काही दाखवलं नाही, आशीर्वाद दिला आणि पाव शेजारच्या पोरांना वाटला.

सणाला जिदे यायचा. पालथा होऊन नमस्कार, आजोबांच्या ओट्याला हात, जेवण, आणि दिवस बुडायच्या आत परत. रागावलेला दिसायचा नाही. रागावलेला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला बहीण चार शब्द सुनावू शकते. तो आदराने वागायचा, अगदी दूरच्या मावशीशी वागावं तसा. आणि एक गोष्ट त्याने सोडली होती. मुलींना सांगायची ती गोष्ट, बुटक्या मुलाचा हात कानाला पोचल्याची. मोठीने एकदा अंगणात विचारलं, "पपा, इथेच ना?" तो म्हणाला, "ती अशीच सांगितलेली होती." असाबी तेव्हा चुलीपाशी पाठमोरी होती.

पावसाळा दोनदा येऊन गेला असेल. एका सोमवारी मुतीउने पिशवी दिली आणि ती जड लागली. तळाशी पाव होता, तो नेहमीचा, लांब, प्रवासात एका बाजूने चेपलेला. सोबत काही नाही. असाबी ओट्यावर बसली आणि पाव मांडीवर घेतला. तो खायचा की ठेवायचा ते तिला बराच वेळ ठरवता आलं नाही. शेवटी तिने चेपलेल्या बाजूकडून सुरुवात केली.

पाव परत आला म्हणून सगळं परत आलं असं नाही. सणाला तो राहायचा नाही तो नाहीच राहिला. पण सोमवारची पिशवी जड येत राहिली.

रक्तदाबाच्या गोळ्या असाबी कधी घ्यायची, कधी विसरायची. पाय सुजायला लागले तेव्हा मुलगी म्हणाली, साकीला चल. "शुक्रवारी काय करू?" असाबी म्हणाली. मुलीला वाटलं ती थट्टा करते.

तो असाबीच्या आयुष्यातला शेवटचा शुक्रवार होता हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. तिने पहाटे अकारा तळला, उरलेलं पीठ झाकून ठेवलं, कढई उपडी केली. यामचं पीठ पिशवीत भरलं, थोपटून बसवलं. मिरची वेगळ्या डब्यात, कारण रेमीला पिठाला मिरचीचा वास आलेला आवडत नाही. या वेळी सुकी मासळी चांगली मिळाली होती, ती कागदात दोनदा गुंडाळली. अंगणातून जाताना ओट्याला हात लावला.

स्टँडवर गाड्या नेहमीसारख्या आडव्यातिडव्या लागल्या होत्या. ती पहिल्या गाडीपुढे थांबली, कपाळावरची अक्षरं ओठांवर घेतली. देव झोपला नाही. ही इबादानची. पुढच्या गाडीपुढे थांबली. मामाचा लाडका. ही ओयोची. तिसऱ्या गाडीचा रंग नवा होता, अक्षरं मोठी, आणि त्यांच्यापुढे ती जरा जास्त वेळ उभी राहिली. आईची प्रार्थना. लागोस.

"माय, आज पण दगड?" मुतीउ आतून म्हणाला.

"आज विटा. सीटखाली ठेव, आडवी करू नकोस, मिरची सांडेल. आणि घाई करू नको रस्त्यात."

"तुमच्या भावाला काही निरोप?"

"पीठ चाळून घे म्हणावं. यंदाचं जरा जाडसर आलंय."

मुतीउने पिशवी सीटखाली सरकवली. असाबीने वाकून बघितलं, पिशवीचा एक बंद बाहेर लोंबत होता, तो आत ढकलला. मग बाजूला झाली, आणि गाडी मशिदीपाशी वळेपर्यंत तिथेच उभी राहिली.